उजनीच्या उथळ पाण्यातील पक्षीदर्शन : भिगवणच्या होडीसेवेचे परीक्षण

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. तेथून आत वळून कुंभारगाव किंवा डिकसळ गाठले, की उजनी जलाशयाच्या काठावर पक्षी दाखवणाऱ्या होड्या उभ्या असतात. या परीक्षणाचा विषय ही होडीसेवा आहे. ती कोणा एका कंपनीची नाही. पिढीजात मासेमारी करणाऱ्या स्थानिक कुटुंबांतील माणसे ती चालवतात आणि त्यामुळे तिचा दर्जा होडीगणिक बदलतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नावाडी चांगला मिळाला, तर पाणथळ जागेचे जीवन इतक्या जवळून आणि इतक्या विस्ताराने दाखवणारी दुसरी सोय मी महाराष्ट्रात पाहिलेली नाही. नावाडी तसा नसला, तर तीच फेरी पक्ष्यांच्या पाठलागाची होते आणि तिच्यासाठी एक रुपयाही देऊ नये.

येथे पक्षी का येतात हे समजल्याशिवाय या फेरीचे मोल करता येत नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतील सुपीक, सपाट जमिनी पाण्याखाली गेल्या. धरणाचा पाणीसाठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६४ टीएमसी, मृतसाठा, एरवी वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, आहे. वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यात ‘उजनी उणे अमुक टक्के’ असे मथळे येतात ते याच मृतसाठ्याला हात लागल्यामुळे. २०२४च्या उन्हाळ्यात तर हा आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला होता. शेतकऱ्याला आणि सोलापूरकराला हा आकडा धडकी भरवतो, पण पक्ष्यांचा हंगाम त्याच उतरत्या पाण्यावर उभा आहे. पावसाळ्यात भरलेला जलाशय हिवाळ्यापासून कालव्यांत आणि नदीत सुटू लागतो, पातळी घसरते, आणि काठ सपाट असल्यामुळे पाणी थोडेसे जरी उतरले तरी चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यात कोठे घोट्याएवढे, कोठे गुडघ्याएवढे पाणी राहते. किडे, अळ्या, गोगलगायी, शेवाळ आणि माशांची पिल्ले यांची तेथे रेलचेल असते. आणखी वरच्या, सुकलेल्या भागावर गावकरी गाळपेर करतात. पिके, चिखल आणि पाणी असे तीन थर एकमेकांना लागून असतात आणि त्या प्रत्येकाचे गिऱ्हाईक वेगळे असते.

मी ज्या होडीतून गेलो ती पत्र्याची, रुंद तळाची आणि लहान इंजिनाची होती. रुंद तळ ही येथे शोभेची बाब नाही. पाणी इतके उथळ असते की खोल बुडणारी नाव गाळात रुतून बसेल. किनारा सोडून मोकळ्या पाण्यात येईपर्यंत इंजिन चालले. पक्ष्यांचे थवे दृष्टीस पडताच नावाड्याने ते बंद केले आणि लांब बांबू तळाला टेकवून होडी पुढे सरकवायला सुरुवात केली. थव्याकडे सरळ न जाता तो तिरका गेला, थांबला, पुन्हा थोडा सरकला. पक्ष्यांनी माना वर केल्या की तो बांबू तसाच रोवून धरी आणि त्या खाली गेल्यावरच पुढे निघे. ‘त्यांनी खायचं थांबवलं, म्हणजे आपण फार जवळ आलो,’ एवढे एकच वाक्य त्याने आम्हाला समजावून सांगितले, आणि पक्षीदर्शनाविषयी मी ऐकलेल्या सूचनांत याहून उपयोगी सूचना नाही. जीवरक्षक जाकिटे होडीत होती आणि ती घातल्याशिवाय त्याने होडी हलवली नाही, हेही नोंदवतो. सगळ्याच होड्यांत हा आग्रह धरला जात असेल असे समजू नये. बसण्यापूर्वी आपणच मागून घ्यावीत.

लोक येतात ते मुख्यतः रोहित पक्ष्यासाठी. येथे मोठ्या संख्येने दिसतो तो मोठा रोहित; उंची जवळजवळ लहान मुलाएवढी, आणि बहुतेक उंची पायांची. तो चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जाडजूड जिभेने पंपासारखे पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांच्या गाळणीत अळ्या, कवचधारी जीव, बिया आणि शेवाळ अडकवून ठेवतो. मध्येच एका जागी उभा राहून तो पाय आपटतो, म्हणजे गाळ ढवळून त्यातले जीव वर येतात. हे सारे पाहायला वेळ लागतो. छायाचित्र मिळाले की ‘चला पुढे’ म्हणणाऱ्यांच्या नशिबात ते येत नाही. त्याचा गुलाबी रंगही याच अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. करड्या, मळकट पक्ष्यांकडे बोट दाखवून आमच्या होडीतल्या एका गृहस्थांनी ‘हे दुसऱ्या जातीचे का?’ असे विचारले, तेव्हा ती रोहितचीच पिल्ले आहेत आणि त्यांना पुरता रंग चढायला काही वर्षे लागतात, हे नावाड्याने न अडखळता सांगितले. हे पक्षी येथे अंडी घालत नाहीत. त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. उजनी ही त्यांची खाणावळ आहे.

रोहितांच्या पलीकडे जे आहे ते माझ्या दृष्टीने अधिक रंजक आहे, आणि नावाड्याची खरी परीक्षा तेथेच होते. पाण्याच्या खोलीप्रमाणे पक्ष्यांनी जागा वाटून घेतलेल्या दिसतात. अगदी काठाच्या ओल्या चिखलावर तुतवार आणि चिखले धावत असतात. त्यांच्या चोची आखूड, त्यामुळे वरच्या थरातलेच किडे त्यांना मिळतात. थोड्या पाण्यात लाल काडीसारख्या पायांचा शेकाट्या उभा असतो. त्याच्या पुढे पाणटिवळ्यांचे थवे लांब, सरळ चोच पार डोळ्यांपर्यंत गाळात खुपसत असतात, म्हणजे शेजारी उभे राहूनही दोघांच्या ताटातले अन्न निराळे. चमचा हा पक्षी चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यातून डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि काही लागले की मिटतो. चित्रबलाकही उघडी चोच पाण्यात ठेवून स्पर्शानेच मासा पकडतो, त्यामुळे गढूळ पाण्याची दोघांनाही फारशी अडचण होत नाही. मुग्धबलाकाच्या चोचीत मध्ये फट असते आणि त्याचे मुख्य अन्न गोगलगायी. राखी बगळा मात्र डोळ्यांवर विसंबणारा, म्हणून तो तासन्‌तास एका जागी खिळून राहतो. आमच्या नावाड्याने ही वाटणी शास्त्रीय भाषेत सांगितली नाही, पण होडी खोल पाण्याकडून काठाकडे अशा क्रमाने नेली की ती आपोआप उलगडत गेली.

उघड्या पाण्यावर थापट्या, तलवार बदक आणि वारकरी यांचे थवे होते. एका वाळक्या बुंध्यावर कैकर हा मासेमार शिकारी पक्षी पंजाखाली मासा दाबून बसला होता. त्याच्या पायाचे बाहेरचे बोट मागे वळू शकते आणि तळव्यांना खरखरीत काटे असतात, त्यामुळे निसरडा मासा सुटत नाही. त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर होडी थांबवली गेली. कोणीतरी ‘अजून जवळ’ म्हणताच नावाड्याने नकार दिला, कारण उठला तर मासा टाकून जाईल आणि त्याला पुन्हा शिकार करावी लागेल. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचे धैर्य या व्यवसायात दुर्मीळ आहे.

पट्टकादंब हा येथला दुसरा मोठा पाहुणा. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंसाच्या कुळातला पक्षी मंगोलिया, तिबेट, लडाख येथे वीण करतो आणि हिमालय ओलांडून दक्षिणेत येतो. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या पक्ष्यांनी सात हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. तो पाण्यात विसावतो आणि शेतातले कोवळे हिरवे पीक चरतो. त्यामुळे गाळपेरीच्या शेतकऱ्याचे त्याच्याविषयीचे मत पर्यटकाच्या मताशी जुळेलच असे नाही. हे थवे पाहायचे तर होडीपेक्षा काठाने चालणे अधिक सोयीचे पडते, आणि आमच्या नावाड्याने तसे प्रामाणिकपणे सांगून त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत.

आता तक्रारीकडे वळतो. त्याच सकाळी दुसरी एक होडी इंजिन चालू ठेवून रोहितांच्या थव्यात घुसली. हेतू उघड होता: उडणाऱ्या पक्ष्यांचे गुलाबी-काळे पंख छायाचित्रात यावेत. रोहित जड पक्षी आहे. पाण्यावरून बरीच पावले धावल्याशिवाय त्याला हवेत उठता येत नाही, आणि ज्या वेळात तो अन्न गाळत असायचा त्या वेळात त्याची शक्ती उगीच खर्च होते. दिवसभरात होड्या किती आणि त्यातल्या किती जण हाच खेळ करतात याचा हिशेब मनात केला, की नुकसानीचा अंदाज येतो. हिवाळ्याच्या अखेरीस तर पाणटिवळे आणि बदके उत्तरेच्या लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात. त्या दिवसांत त्यांना उठवणे म्हणजे प्रवासाची शिदोरी हिसकावणे होय.

दुसरा प्रकार कुरव पक्ष्यांना फरसाण टाकण्याचा. तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट-लडाखच्या सरोवरांवरून हिवाळ्यात येथे येतात आणि मासे, कीटक खातात. मूठभर शेव हवेत उडवली की ते होडीभोवती घोंगावतात, मुले टाळ्या पिटतात, चलचित्र छान येते. तळलेले, खारट पीठ हे त्यांचे अन्न नव्हे, आणि होडीमागे लागण्याची सवय तर त्याहून वाईट. काठावरच्या टपरीवर या कामासाठीच पुड्या विकायला ठेवलेल्या मी पाहिल्या. नावाड्यांना एकट्याला दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. ‘जवळ न्या’, ‘उडवा जरा’ असे सांगणारे आणि न नेल्यास शेजारच्या होडीकडे वळणारे पर्यटकच असतात. या भागाला अभयारण्याचा दर्जा नाही, त्यामुळे रोजच्या रोज होड्यांचे अंतर आणि वेग पाहणारी यंत्रणा मला तेथे दिसली नाही. पक्ष्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, पण पाण्यावर ते लागू होते केवळ नावाड्याच्या विवेकातून.

सेवेतली दुसरी उणीव सौम्य आहे, पण मला ती जाणवली. वनस्पतींविषयी कोणी काही बोलत नाही. पक्ष्यांची यादी घडाघडा म्हणणारा नावाडीही काठावरच्या हिरवाईपाशी गप्प होतो, आणि जे काही डोळ्यांसमोर आहे त्याचा निम्मा अर्थ त्या हिरवाईत असतो. पाणकणसाचे दाट बेट पाणकोंबड्यांना आणि पाणबगळ्यांना लपण्याची जागा देते. पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिलासारख्या वनस्पती वारकऱ्यांचे आणि बदकांचे खाद्य आहेत. कमळपक्षी तर तरंगत्या पानांशिवाय संसारच करू शकत नाही. त्याची लांब बोटे वजन पानभर पसरवतात, आणि अंडी उबवून पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. आम्हाला दिसलेला कमळपक्षी हिवाळी वेषात, लांब शेपटीशिवाय होता, म्हणून होडीतल्या बहुतेकांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

त्याच काठावर बेशरमीची झुडपे आणि जलपर्णी आहेत, दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेल्या. जांभळ्या फुलांची जलपर्णी छायाचित्रात देखणी दिसते. ती दाट पसरली, की खालच्या पाण्याला ऊन आणि प्राणवायू मिळेनासा होतो आणि होडीलाही वाट राहत नाही. ती इतकी माजते याचे कारण वरून येणाऱ्या पाण्यात आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून अखेर येथेच येऊन साठते. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ फोफावते, शेवाळावर आणि गाळावर अळ्या पोसतात आणि अळ्यांवर पक्षी. काही वळणांवर पाणी गडद हिरवे होते आणि त्याला उग्र वास येत होता. रोहितांची गर्दी हे पाणी स्वच्छ असल्याचे प्रमाणपत्र आहे, असे एका सहप्रवाशाने मोठ्या विश्वासाने सांगितले. वस्तुस्थिती जवळपास उलट आहे. पुण्याहून येणाऱ्या पर्यटकाला ही साखळी समजावून सांगणारा एखादा फलक धक्क्यावर लावला, तर या सहलीला वेगळेच वजन येईल. पाणी त्याच्याच घरचे आहे.

हंगामाविषयी थोडक्यात. बदके नोव्हेंबरपासून दिसू लागतात, पण रोहितांसाठी पाणी पुरेसे उतरलेले असावे लागते, म्हणून जानेवारी ते मार्चचा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळून जलाशय काठोकाठ राहिला तर तेच थवे उशिरा येतात किंवा विखुरतात. निघण्यापूर्वी नावाड्याला दूरध्वनी करून ‘पाणी किती उतरलंय?’ असे विचारावे. ‘पक्षी आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘भरपूर’ असेच मिळते. पहाटे, वारा सुटण्याआधी निघावे आणि सूर्य पाठीशी राहील अशी होडी न्यायला सांगावी. उन्हे चढली की पाण्यावर झळा दिसू लागतात आणि दुर्बिणीतले चित्र थरथरते. उन्हाळ्याच्या अखेरीस गेल्यास पक्षी कमी होतात, पण पाणी फार उतरले तर पळसदेवचे एरवी बुडालेले पळसनाथाचे मंदिर उघडे पडलेले असते.

दर आम्हाला माणशी न सांगता नावेमागे सांगितला गेला, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून जाणे परवडते. वेळ आणि दर दोन्ही बसण्यापूर्वी बोलून घ्यावेत. त्याच वेळी आणखी एक अट घालावी: थवा दिसताच इंजिन बंद, पुढे बांबूने. ही अट ऐकून नावाड्याच्या चेहऱ्यावर काय उमटते त्यावरून पुढची सकाळ कशी जाणार हे बरेचसे कळते. आमच्या नावाड्याला ठरल्याहून अधिक रक्कम द्यावीशी वाटली आणि ती कशासाठी हेही आम्ही त्याला सांगितले, कारण थांबण्याचे पैसे मिळतात हे कळल्याशिवाय थांबणाऱ्या होड्या वाढणार नाहीत.

जेवण हा या सहलीचा हक्काचा भाग आहे. भिगवणचा मासळी बाजार मोठा आहे आणि गावातल्या घरगुती खानावळींत सकाळीच ऑर्डर दिली तर फेरीहून परतेपर्यंत ताट तयार असते. चिलापी हा आफ्रिकेतून आलेला आणि स्थानिक माशांना भारी पडलेला मासा येथे सर्वत्र मिळतो; तो तळून, ज्वारीच्या भाकरीबरोबर चांगला लागतो. मला अधिक आवडला तो वामीचा झणझणीत रस्सा. तिखट न सोसणाऱ्यांनी आधी सांगावे, नंतर सांगून उपयोग होत नाही. शाकाहाऱ्यांना पिठले-भाकरी मिळते आणि तीही मनापासून केलेली असते. राहण्याची सोय साधी आहे. आमच्या मुक्कामी गरम पाणी आणि स्वच्छ अंथरूण मिळाले, याहून अधिकची अपेक्षा ठेवून येऊ नये. धक्क्याजवळ स्वच्छतागृहाची अडचण जाणवली, आणि कुटुंबासह येणाऱ्यांनी मुक्कामाच्या ठिकाणाहूनच आवरून निघावे हे बरे.

तुलनेसाठी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरचे उदाहरण घेता येईल. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा १९८६पासून अभयारण्य आहे आणि २०२० साली ती महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. तेथे मनोऱ्यावरून आणि काठावरून पक्षी पाहायचे असतात. अंतर राहते, दुर्बिणीशिवाय निभाव लागत नाही, पण पक्षी आपल्या उद्योगात मग्न असतात आणि वनस्पतींची विविधताही अधिक समोर येते. ज्याला पक्ष्यांचे वर्तन सावकाश न्याहाळायचे आहे त्याने नांदूर मध्यमेश्वरला जावे असे मी सुचवेन. पाण्याच्या पातळीला डोळे आणून, चिखलाच्या वासासकट हे जग पाहायचे असेल तर भिगवणला पर्याय नाही.

छायाचित्रकारांना होडीचा रुंद तळ आणि कमी उंची या दोन्ही गोष्टी सोयीच्या पडतील. गुडघेदुखी असणाऱ्या ज्येष्ठांना मात्र निसरड्या काठावरून होडीत चढताना आधार लागतो. फळी टाकून देण्याची विनंती केल्यास नावाडी ती मान्य करतात. फार लहान मुलांना एवढा वेळ शांत बसवणे अवघड जाते, आणि त्यांच्या हाती शेवेची पुडी देऊन तो प्रश्न सोडवण्यापेक्षा पुढच्या हंगामाची वाट पाहणे बरे. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून आठवड्यातल्या एखाद्या दिवशी जावे. त्या दिवशी पाण्यावर होड्या मोजक्या असतात, घासाघीस करावी लागत नाही, आणि नावाड्यालाही बांबू हाती घेऊन सावकाश जायला सवड असते.